लळा लावायचाच : बालगृहातल्या मुलांच्या मनाची काळजी, पायरीपायरीने

बालगृहाचं फाटक उघडून पाहुणे आत येतात आणि चार वर्षांचं एखादं पोर धावत जाऊन त्यांच्या पायांना मिठी मारतं. पाचव्या मिनिटाला ते मांडीवर असतं, घड्याळाशी खेळत असतं आणि विचारतं, "मला घरी नेशील?" पाहुण्यांचे डोळे भरून येतात. "किती लाघवी आहे हो!" म्हणतात. मला त्या क्षणी त्या पोराची काळजी वाटते. घरात वाढलेलं चार वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आधी आईच्या मागे दडतं, तिथून डोकावतं, अंदाज घेतं आणि मग पुढे येतं. ज्याला कुणाचीही मांडी चालते, त्याला स्वतःची अशी मांडी बहुतेक वेळा मिळालेलीच नसते.

मी बारा वर्षांपासून एका जिल्ह्याच्या गावी बालगृहात समुपदेशक आहे. "मुलांना फार लळा लावू नका, नंतर त्यांनाच त्रास होतो," हे नव्या मावश्यांना सांगितलं जाताना मी असंख्य वेळा ऐकलंय. सुरुवातीची दोन वर्षं मीही तेच सांगत होते. ते चूक आहे. लळा तुटला तर मूल रडतं, पण लळा लागलाच नाही तर पुढे कुणाशी नातं जोडायचं कसं हेच त्याला कळत नाही. मावश्या, गृहमाता, अधीक्षक आणि शनिवार-रविवारी येणारे स्वयंसेवक यांनी लळा कसा लावायचा आणि कसा सांभाळायचा, ते इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी : हे मूल इथे असायलाच हवं का?

लोक सरसकट "अनाथ मुलं" म्हणतात. प्रत्यक्षात आमच्याकडच्या बऱ्याच मुलांची आई किंवा वडील हयात आहेत. कुणाची आई धुणीभांडी करून दोन लेकरं सांभाळू शकत नव्हती, कुणाचे वडील ऊसतोडीला गेले आणि आजी वारली. 2015 चा बाल न्याय अधिनियम संस्थेला शेवटचा मार्ग मानतो. म्हणून फाइल उघडली की पहिला प्रश्न हाच विचारा: आजी, मामा, आत्या, कुणी आहे का? पैशांची अडचण असेल तर राज्याच्या बालसंगोपन योजनेत घरी राहणाऱ्या मुलासाठी दरमहा 2250 रुपये मिळतात. प्रतिपालक कुटुंबाचा, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घराचा, पर्याय असतो, आणि कायद्याने मोकळ्या झालेल्या मुलासाठी दत्तक. फुले दांपत्याने 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि काशीबाई या विधवेच्या यशवंताला स्वतःच्या घरात मुलगा म्हणून वाढवलं. मला ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी वाटते.

वय जितकं लहान तितकी घाई जास्त. रोमानियात 1989 च्या डिसेंबरात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा सरकारी अनाथालयांत लाखाहून जास्त मुलं सापडली. पुढे बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी अशा 136 बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. निम्मी प्रतिपालक कुटुंबांत गेली, निम्मी संस्थेच्या वाट्याला राहिली. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांचं नातं जोडणं, बोलणं, बुद्धी, सगळंच जास्त सावरलं. त्यामुळे शिशुगृहातल्या बाळाचा कागद टेबलावर अडला असेल, तर रोज त्याचा पाठपुरावा करणं हेसुद्धा त्याच्या मनाचंच काम आहे.

ज्यांना तूर्त घर मिळणार नाही, त्यांच्यासाठी पुढचं.

पायरी पहिली : वेळापत्रक मुलांभोवती आखा

ही पायरी सगळ्यात अवघड, आणि बाकीच्या पायऱ्या हिच्यावरच उभ्या आहेत. बहुतेक ठिकाणी कामं वाटलेली असतात: एक मावशी सगळ्यांच्या आंघोळी घालते, दुसरी वाढते, तिसरी रात्रपाळीला. काम भराभर उरकतं, पण मुलाच्या अंगावरून दिवसभरात चार हात फिरतात आणि एकही हात त्याचा होत नाही. लंडनमधल्या निवासी पाळणाघरांचा बार्बरा टिझार्ड यांनी 1970 च्या दशकात अभ्यास केला. तिथे अन्न, खेळणी, स्वच्छता यांत काही कमी नव्हतं. तरी मूल दोन वर्षांचं होईपर्यंत सरासरी 24 जणांनी त्याला किमान आठवडाभर सांभाळलेलं होतं, आणि साडेचार वर्षांपर्यंत 50 जणांनी.

तर असं करा. मुलांचे सहा ते आठ जणांचे गट पाडा. वयं मिसळलेली ठेवा आणि सख्खी भावंडं एकाच गटात ठेवा. प्रत्येक गटाला दोन मावश्या द्या, म्हणजे एक रजेवर असली तरी दुसरी ओळखीची असते. आंघोळ, जेवण, अभ्यासाला बसवणं, ताप आला तर दवाखाना, झोपवणं, हे सगळं त्याच दोघींनी करायचं. हजेरीपटावर मावशीच्या नावासमोर काम लिहू नका, मुलांची नावं लिहा. आमच्याकडे हा एक बदल करायला अधीक्षकांना चार महिने लागले, कारण पाळ्यांचं गणित जमेना. शेवटी स्वयंपाकाला वेगळी बाई घेतली आणि मावश्या मोकळ्या झाल्या.

नव्या इमारतीविना हे जमतं. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या बालगृहांत जवळपास असाच बदल केला होता. बारा मुलांचे गट सहावर आणले, प्रत्येक गटाला दोन मुख्य सांभाळणाऱ्या दिल्या, आणि सकाळ-संध्याकाळ एक-एक तास असा राखला की तेव्हा बाहेरचं कुणी येणार नाही, सांभाळणाऱ्या फक्त मुलांसोबत बसतील. खाणं तेच राहिलं, तरी मुलांची उंची-वजनंसुद्धा वाढली.

आता एक इशारा, कारण इथेच बऱ्याच संस्था माघार घेतात. गट पाडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे रडारड वाढते. कालपर्यंत शहाणी असलेली मुलं भांडायला लागतात, "माझी मावशी!" म्हणून दुसऱ्याला ढकलतात, ती घरी जायला निघाली की पदर धरून बसतात. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमधल्या मुलांची अशीच छोटी 'कुटुंबं' केली, तेव्हाही हेच झालं: मुलं आधी मत्सरी आणि हट्टी झाली, आणि मग त्यांचं बोलणं, शी-शूच्या सवयी झपाट्याने सुधारल्या. त्या रडण्याचा अर्थ असा, की मुलाला आता गमावण्यासारखं काहीतरी मिळालंय. अधीक्षकांना आणि विश्वस्तांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात जुनं वेळापत्रक परत येतं.

मावशी रजेवर जाणार असेल तर तिनेच मुलांना सांगावं, आणि कॅलेंडरवर दिवस दाखवावेत: "या रविवारी जाणार, इथे गोल केलाय तिथे येणार." ती काम सोडणार असेल तर गुपचूप निघून जाऊ देऊ नका. निरोप रडका झाला तरी चालेल. न सांगता नाहीशी झालेली माणसं या मुलांनी आधीच पुरेशी पाहिलेली असतात.

सहा वर्षं पूर्ण झाली की मूल शिशुगृहातून बालगृहात जातं. हा बदल एका दुपारी गाडीत बसवून उरकू नका. निदान तीन-चार वेळा जुन्या मावशीने सोबत जाऊन नवी जागा दाखवावी, एकदा तिथे जेवावं, आणि बदलीनंतर महिनाभर दर आठवड्याला फोन करावा.

पायरी दुसरी : पहिली रात्र

पोलीस किंवा चाइल्ड हेल्पलाइनचा कार्यकर्ता मूल घेऊन येतो, बालकल्याण समितीचा आदेश असतो, रजिस्टरमध्ये नोंद होते. त्यानंतर सवयीने आंघोळ, केस कापणं, संस्थेचे कपडे. इथे थांबा.

आमच्या हातून झालेली एक चूक सांगते. सहा वर्षांची एक मुलगी हिरवा स्वेटर घालून आली होती. कोपरात फाटलेला, उवा-लिखांनी भरलेला. आम्ही तो त्याच संध्याकाळी जाळला. ती रडली नाही, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पुढे कित्येक आठवडे ती रोज दुपारी गच्चीवर जायची आणि दोरीवरचे कपडे एकेक करून बाजूला सारून बघायची. विचारलं तर म्हणायची, "वाळला असंल." तो आईने विणलेला होता, हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: अंगावर आलेली प्रत्येक वस्तू उकळत्या पाण्यात धुवायची, पिशवीत घालून नाव लिहायचं आणि मूल मागेल तेव्हा हातात द्यायची. चप्पल, तुटकी बांगडी, बिस्किटाचा रिकामा पुडा, सगळं.

पहिल्या रात्री मुलाला "काय झालं होतं?" असं विचारू नका. पोलिसांनी, समितीने, डॉक्टरांनी ते विचारून झालेलं असतं. विचारायचंच तर हे विचारा: घरी तुला काय म्हणून हाक मारतात? भाकरी आवडते की भात? दिवा चालू ठेवू का? कुणाशेजारी झोपायचंय? मूल पावरी, गोंडी किंवा गोरमाटी बोलत असेल तर ती भाषा येणारं संस्थेतलं मोठं मूल सोबतीला द्या. आणि उद्याचा दिवस सांगा: "सकाळी उठलीस की चहा, मग मी तुला शाळा दाखवेन. रात्री जाग आली तर मी या पलंगावर आहे." झोपायच्या आधी एकदा संडास आणि त्याची वाट दाखवा. अंधारात ती सापडली नाही म्हणून अंथरूण ओलं होतं आणि दुसऱ्या दिवशी चिडवाचिडवी सुरू होते.

पायरी तिसरी : रोजच्या कामातच बोला

समुपदेशनाची खोली लागते, पण मुलं तिथे फारसं बोलत नाहीत. ती वेणी घालताना, मटार सोलताना, गाद्या घालताना बोलतात. मावशीची पाठ किंवा हात दिसत असतात, डोळ्याला डोळा नसतो, म्हणून सोपं जातं. मावश्यांना एवढंच शिकवा की लहान मुलाच्या मनात चाललेल्याला नाव द्यायचं: "राग आला ना? त्याने तुझी पेन्सिल घेतली म्हणून." घरातल्या मुलाला हे शब्द दिवसातून पन्नासदा आयते मिळतात. संस्थेतल्या मुलाला रागाचं एकच रूप माहीत असतं, फेकणं.

दुसरी गोष्ट मालकीची. प्रत्येक मुलाला कुलूप लागणारी पेटी हवी आणि किल्ली त्याच्या गळ्यात हवी. टूथब्रश, टॉवेल, चादर नावाची हवी. कपडे गठ्ठ्यातून वाटू नका, दोन समोर ठेवून विचारा, "कुठला?" सुरुवातीला काही मुलं गोंधळतात, कारण असं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. आमचा एक नऊ वर्षांचा मुलगा दोन शर्ट हातात धरून दहा मिनिटं उभा होता. शेवटी त्याने मावशीला विचारलं, "कोणता बरोबर आहे?" त्याला दोन्ही चालतील हे पटायला बरेच दिवस लागले.

मोठ्या मुलांना बाजारात न्या. भाजीचा भाव करू द्या, एसटीचं तिकीट काढू द्या, सुटे पैसे मोजू द्या.

पायरी चौथी : त्रासदायक वागण्यामागचं कारण शोधा

उशीखाली चपात्या लपवणं. पोट भरलेलं असतानाही मूल अन्न साठवतं, कारण उद्याचं जेवण येईल याची खात्री त्याच्या अंगात भिनलेली नसते. चपात्या जप्त केल्या की ते आणखी चांगली जागा शोधतं. त्याऐवजी झाकणाचा एक डबा द्या, त्यात रोज शेंगदाणे-गूळ भरा आणि सांगा की हा तुझा, कधीही खा. काही महिन्यांनी डबा भरलेलाच राहायला लागतो.

बसल्या बसल्या डुलणं, डोकं आपटणं. लहान वयात कुणी जोजवलं नाही की मूल स्वतःला जोजवतं. ओरडून थांबत नाही. जवळ घ्या, पाठीवर हात ठेवा, त्याच लयीत गाणं म्हणा.

अंथरूण ओलं करणं. चादर बदलायची, विषय संपला. वाळत घातलेली चादर इतरांना दिसेल अशी टांगू नका.

जवळ आलेल्या माणसालाच दुखावणं. मावशीशी छान जमलं आणि अचानक मूल तिला चावलं, शिवी दिली, तिची वस्तू फोडली, असं झालं तर ते तपासतंय: आतातरी ही मला सोडते का? इथे उत्तर एकच, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मावशीने त्याच आवाजात उठवायला यायचं. नुकसानीची भरपाई करायला लावा, म्हणजे फोडलेलं झाडून काढणं, चिकटवणं. पण "तू असा वागलास तर मी येणार नाही" हे वाक्य कधीही उच्चारू नका. मारणं तर नाहीच. शिस्तीसाठी संस्थेतल्या मुलाला शारीरिक शिक्षा करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम 82 खाली गुन्हा आहे.

आणि फार शहाणं, गप्प मूल. कधी काही मागत नाही, सगळ्यांना मदत करतं, पाहुण्यांपुढे त्यालाच उभं केलं जातं. माझ्या यादीत ते पहिलं असतं. त्याच्यासाठी आठवड्यातून निदान दोनदा अर्धा तास राखून ठेवा, काही न करता नुसतं सोबत बसण्यासाठी.

मूल स्वतःला इजा करत असेल, जेवण सोडत असेल, आठवडेच्या आठवडे झोपत नसेल किंवा लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 हे क्रमांक मुलांनाही दिसतील असे भिंतीवर लावा.

पायरी पाचवी : "माझी आई कुठे आहे?"

हा प्रश्न बहुतेक वेळा भलत्या क्षणी येतो, दात घासताना किंवा रिक्षात. उत्तर आधी ठरवून ठेवावं लागतं आणि सगळ्या मावश्यांनी तेच द्यावं लागतं. एकीने "देवाघरी", दुसरीने "मुंबईला", तिसरीने "येईल हं" म्हटलं तर मूल तिघींवरचा विश्वास गमावतं. जे माहीत आहे ते त्याच्या वयाच्या शब्दांत सांगा. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगा: "तू पाच दिवसांचा असताना इथे आलास. आई कोण ते आम्हाला कळलं नाही. तू आलास तेव्हा पाऊस होता आणि या मावशीने तुला घेतलं." आईला नावं ठेवू नका, ती कशीही वागलेली असली तरी. मूल ते स्वतःवर ओढून घेतं.

यासाठी प्रत्येक मुलाची एक वही करा. पहिल्या पानावर आल्याचा दिवस. दरवर्षी एक फोटो. पहिला पडलेला दात, पहिली ट्रिप, कुठल्या मावशीने सांभाळलं त्यांची नावं, कशाने आजारी पडला, पहिला शब्द कुठला. घरात या गोष्टी आजी सांगत असते. कार्यालयातली केस फाइल समितीसाठी असते, तिचा मुलाला उपयोग नाही. वही मात्र त्याची, ती पेटीत राहते आणि जाताना त्याच्यासोबत जाते.

पायरी सहावी : फाटकाबाहेरची नाती

शाळेत दरवर्षी 'माझी आई' हा निबंध येतो. जूनमध्येच वर्गशिक्षिकेला भेटा आणि विनंती करा की विषय 'माझं आवडतं माणूस' ठेवता आला तर सगळ्याच वर्गाला चालेल. पालकसभेला दरवेळी त्याच मावशीला पाठवा, कार्यालयातला शिपाई नको. "संस्थेतली मुलं उभी राहा" असं वर्गात म्हटलं जात असेल तर ते मुख्याध्यापकांशी शांतपणे बोलून बंद करा. वर्गमित्राच्या वाढदिवसाला मुलाला जाऊ द्या, आणि मित्रांना इकडे येऊ द्या. समितीचे आणि सुरक्षेचे नियम पाळूनही हे करता येतं, थोडी धावपळ होते इतकंच.

देणगीदारांचे वाढदिवस हा वेगळा विषय. त्यांच्या मनात चांगलंच असतं, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण केक यायला उशीर झाला म्हणून मुलं रात्री नऊपर्यंत उपाशी रांगेत बसतात, मग अनोळखी मुलासाठी टाळ्या वाजवतात. नम्रपणे सांगा: जेवण ठरल्या वेळीच होईल, रांग लागणार नाही, फोटो काढता येणार नाहीत. कलम 74 नुसार या मुलांची ओळख जाहीर करता येत नाही. त्याच पैशांत एका मुलीचा वर्षभराचा तबल्याचा वर्ग होतो, हे सांगितलं की बरेच जण आनंदाने तयार होतात.

स्वयंसेवकांना मी तीनच अटी घालते. किमान एक वर्ष यायचं. ठरलेल्या वारी, ठरलेल्या तीन मुलांसाठी यायचं. आणि "तुला घरी नेईन", "सायकल आणीन" असलं काहीही बोलायचं नाही. वर्षभर जमणार नसेल तर गोदाम लावणं, हिशेब, बाग अशी कामं असतात, आणि ती खरंच हवी असतात.

पायरी सातवी : अठराव्या वाढदिवसाची तयारी पंधराव्या वर्षी

कायद्याने 18 पूर्ण झाले की बालगृह सुटतं. पुढे 21 पर्यंत अनुरक्षण गृह (बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीचं निवासगृह) किंवा इतर आधार मिळू शकतो, अपवाद म्हणून 23 पर्यंत. कागद वेळेत करा: आधार, बँक खातं, जातीचा दाखला मिळण्यासारखा असेल तर तो, आणि महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र. राज्यात 2018 पासून शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे, ते या प्रमाणपत्रावर मिळतं.

कागदांची यादी सगळ्यांकडे असते. दुसरी यादी मुलासोबत बसून करा: ताप आला तर कुणाला फोन करशील? पगार झाला की पहिल्यांदा कुणाला सांगशील? लग्न ठरलं तर बोलणी कोण करेल? भांडण झालं तर रात्री कुणाच्या घरी जाशील? प्रत्येक प्रश्नासमोर एका खऱ्या माणसाचं नाव यायला हवं आणि त्या माणसाला ते माहीत असायला हवं. एखाद्या प्रश्नासमोर जागा रिकामी राहिली, तर उरलेली तीन वर्षं ती भरण्यासाठी वापरा: जुना शिक्षक, दोन वर्षं टिकलेला स्वयंसेवक, आधी बाहेर पडलेला दादा.

मावशीचा फोन नंबर पाठ करून घ्या, फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइल हरवतो. आणि दिवाळीच्या आठवड्यात संस्थेत दोन-तीन गाद्या जास्तीच्या अंथरून ठेवा. बाहेर पडलेली मुलं येतो म्हणून कळवत नाहीत. नरक चतुर्दशीच्या पहाटे फाटकापाशी पिशवी घेऊन उभी असतात, आणि आधी विचारतात, "मावशी उठल्या का?"